भैरोबाचा डावा कौल

देव आहे की नाही, हा प्रश्न आमच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी निघायचा आणि दिवस मावळायच्या आत मिटायचा. मिटायचा म्हणजे सुटायचा नाही, बंद पडायचा. कारण वाद घालणाऱ्या दोघांपैकी एक, शेजारचे बाळगोंडा आप्पा, जैन होते, आणि दिवस मावळल्यावर ते अन्नाला शिवत नसत. उन्हं समोरच्या भिंतीवरून वर सरकायला लागली की पलीकडच्या दारातून त्यांच्या बायकोची, आक्कांची, जेवायची हाक यायची, "ऊटक्क बर्री!" आणि आप्पा वाक्य अर्धं टाकून उठायचे. दुसरे वादी म्हणजे माझे वडील. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची म्हणून मीही अण्णाच म्हणे. आप्पा गेले की अण्णा थोडा वेळ एकटेच बसून राहायचे आणि मग आत येऊन आईला सांगायचे, "आज निरुत्तर केलं आप्पाला." आई हातातलं काम न थांबवता म्हणायची, "त्ये जेवाय गेल्यात."

आमची गल्ली निपाणीतली, म्हणजे तंबाखूतली. हंगामात वखारींमध्ये माल चाळायला घेतला की हवाच तिखट व्हायची आणि पाहुणे बसस्टँडपासून शिंकत शिंकत घरापर्यंत यायचे. भाकरीला तंबाखूचा वास, उशीला तंबाखूचा वास, माझ्या भूमितीच्या वहीला तंबाखूचा वास. अण्णा एका वखारीत पारखी होते. पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर तंबाखू काढायची, चुरगाळायची, हुंगायची, आणि ती कुठल्या शिवारातली, पावसात सापडलेली की नाही, हे मालकाला सांगायचं. त्यांचा शब्द शेवटचा असे. देवाबद्दलचं त्यांचं मतही त्या पोत्यांतूनच आलेलं. "जे मुठीत धरून चुरगाळता येत न्हाय आणि नाकाला लागत न्हाय, ते हाय म्हणून मी सांगणार न्हाय," असं ते म्हणायचे, आणि म्हणताना बोटं अशी चोळायचे की समोरच्यालाही क्षणभर आपल्या बोटांत काहीच नाही याची खात्री पटावी.

आप्पांचं मत अण्णांना सुरुवातीला फार सोयीचं वाटलं होतं. "आमच्यात जग कुणी केलं न्हाय, अण्णा. ते हायच. पयल्यापासनं हाय," असं आप्पा पहिल्यांदा म्हणाले तेव्हा अण्णांनी मांडीवर थाप मारली आणि आतून चहा मागवला. निपाणीत आपल्या मताचा माणूस भिंतीला भिंत लागून राहतो, आणि आपल्याला इतकी वर्षं पत्ता नाही, याचं त्यांना वाईटही वाटलं. पण मग हळूहळू ध्यानात आलं की जग कुणी केलं नाही म्हणणारा हा माणूस रोज सकाळी अंघोळ करून, तोंडात पाण्याचा थेंब न घालता बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात जातो आणि मूर्तीपुढं डोकं टेकतो. अण्णांनी जाब विचारला.

"मग पाया कुणाच्या पडताय तुम्ही?"

"जन्ममरणातनं जे सुटले, त्यांच्या."

"ते तुमास्नी काय देत्यात?"

"काय न्हाय."

"नवस बोलला तर?"

"तरी न्हाय. त्यांचा ह्या कशाशी संबंधच उरला न्हाय की."

"मग पडताय कशाला?"

आप्पांनी डोक्यावरची टोपी सारखी केली. "कायतरी द्यावं म्हणूनच पाया पडायचं आसतंय व्हय?"

अण्णांना पुढचे दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. देव न मानणारा एकुलता एक माणूस सापडला होता आणि तो त्यांच्या ओळखीतल्या सगळ्या देव मानणाऱ्यांपेक्षा जास्त वेळा देवळात जात होता.

आई या वादात नसायची, पण ऐकायची सगळं. ती उंबऱ्याच्या आतल्या अंगाला मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत बसे. कात्रीचा कच्च कच्च आवाज, पानाचा करकर आवाज, आणि त्यात मिसळलेलं तिचं भैरोबाशी बोलणं. भैरोबा म्हणजे गल्लीच्या टोकाच्या देवळातला आमचा देव. त्याच्याशी आई घरबसल्या, जरा मोठ्या आवाजात, कामचुकार दिरानं ऐकावं तसं बोलायची. "भैरोबा, ह्या पानांस्नी काय धाड भरली रं? सगळी फाटकीच दिलीस." "ऊन तर काय आग वकायलास, जरा दमानं घे की." आमटी खारट झाली तर, "बोलत बसलास आनि माझा हात चुकला बघ." मला लहानपणी बरीच वर्षं वाटायचं की भैरोबा पलीकडच्या खोलीत राहतो. आई देवाला घाबरायची नाही असं नाही. लई घाबरायची. पण घाबरत घाबरत भांडायची, आणि ते तिला मोकळेपणानं जमायचं.

एकदा अण्णांनी हा विषय कायमचा निकालात काढायचं ठरवलं. वखारीतल्या माणसांचं नाक तयार झालेलं असतं. अण्णांना मी जन्मात शिंकताना पाहिलं नव्हतं. त्यांनी कट्ट्यावर उभं राहून, आप्पांना साक्षीला ठेवून, देवळाच्या दिशेनं सांगितलं, "भैरोबा, तू हायस तर दिवस मावळायच्या आत मला एक शिंक आणून दाखव. एकच." मग खुर्ची टाकून बसले. आम्ही सगळे त्यांच्या नाकाकडं बघत होतो. आक्कांची हाक आली, आप्पा गेले, दिवस मावळला. "झालं," अण्णा म्हणाले, "सिद्ध झालं." आई म्हणाली, "एवढ्याशा शिंकंसाठी त्यो येतोय व्हय?" दुसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना अण्णांना लागोपाठ अकरा शिंका आल्या. ते लालबुंद डोळ्यांनी न्हाणीतून बाहेर आले आणि कुणी काही विचारायच्या आत म्हणाले, "मुदत काल संपली." आई चुलीपुढून म्हणाली, "अर्ज मिळायला उशीर झाला आसंल."

आता मी बेळगावला कॅम्पात राहते. पस्तीस वर्षं भूमिती शिकवली. 'सिद्ध करा' हे दोन शब्द माझ्या हातून फळ्यावर किती वेळा लिहिले गेले असतील त्याला गणती नाही. दरवर्षी शेवटच्या बाकावरचा कुणीतरी, धडा टाळायला म्हणून, विचारायचाच, "मॅडम, देव आहे हे सिद्ध करता येतं का?" मी म्हणायचे, "आधी बाविसावं प्रमेय सिद्ध कर, मग बघू." परवा माझ्या नातवानं हाच प्रश्न मोबाइलला विचारला. मोबाइलनं अर्ध्या मिनिटात आहे म्हणणाऱ्यांचे सहा मुद्दे आणि नाही म्हणणाऱ्यांचे सहा मुद्दे दिले आणि आणखी काही मदत हवी आहे का म्हणून विचारलं. नातू म्हणाला, "आज्जी, बरोबरी झाली." मी त्याला शिंकेची गोष्ट सांगितली. पुढची सांगितली नाही. ती मी आईशिवाय आजवर कुणालाच सांगितलेली नाही, म्हणून इथं लिहिते आहे.

भैरोबाचं देऊळ म्हणजे एक खोली, आणि भैरोबा म्हणजे शेंदरानं माखलेला कमरेएवढा दगड. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर आणि तेल चढून त्याला खांदे आल्यासारखे झाले होते. दर रविवारी सकाळी लोक तिथं कौल लावायला यायचे. लग्न जमवायचं, विहीर पाडायची, म्हैस घ्यायची, काहीही असो. गुरवकाका जास्वंदीच्या दोन पाकळ्या पाण्यात बुडवून एक देवाच्या उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या खांद्यावर चिकटवायचे, प्रश्न मोठ्यानं देवाला सांगायचे, आणि मग सगळ्यांनी गप्प बसायचं. उजवीकडची पाकळी आधी पडली तर देव होय म्हणाला. डावीकडची पडली तर नाही म्हणाला. निपाणीत डॉक्टर होते, वकील होते, बँक होती. पण ते सगळे रविवारनंतर.

मी पीयूसीला, म्हणजे बारावीला होते त्या वर्षी अण्णांनी मला या कौलाचा अभ्यास करायला लावलं. दर रविवारी देवळाच्या पायरीवर बसायचं आणि कुठली पाकळी पडली, किती वेळानं पडली, हे वहीत लिहायचं. मला काय, अभ्यास म्हटलं की मी तयार. पावसाळा गेला, हिवाळा गेला, आणि मला कळलं की भैरोबा सहसा होय म्हणतो. गल्लीत म्हशी वाढल्या होत्या त्याचं कारण हेच. आणि तो होय का म्हणतो तेही कळलं: समई त्याच्या उजव्या अंगाला तेवत असायची. उबेनं त्या बाजूचं पाणी आधी सुकायचं, पाकळी सुटायची. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मला वाटलं आता मला वखारीत घेतात. वही घेऊन ते तसेच देवळात गेले, मी मागोमाग. गुरवकाकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बरोबर हाय पोरगीचं," ते म्हणाले. "पर समई त्या अंगाला ठेवायची म्हणून माझ्या पणजाला कुणी सांगितलं?"

"कुणी?"

"त्यानंच की." त्यांनी दगडाकडं हात केला.

अण्णा वही काखेत मारून घरी आले. मी पुढं शिकले की कुठल्याच पुराव्यानं जे खोटं ठरू शकत नाही त्याला सिद्धान्त म्हणत नाहीत. गुरवकाकांनी तो सिद्धान्त आहे असं कधी म्हटलंच नव्हतं.

पीयूसीचा निकाल लागला. गणितात मी कॉलेजात पहिली आले. सरांनी घरी येऊन सांगितलं की पोरीला बेळगावला बी. एस्सी.ला पाठवा, होस्टेल आहे, सोय होईल. त्याच आठवड्यात संकेश्वरहून आत्याचं पत्र आलं: आता सुमीचं आणि वसंताचं उरकून टाकूया. सुमी म्हणजे मी, वसंत म्हणजे आत्याचा मुलगा. आमच्याकडं आत्याच्या घरात मुलगी देणं हा रिवाज, विचारायचीही गरज नसते. पत्र आलं हाच मान. वसंतात काही दोष नव्हता. त्याचं किराणा दुकान होतं आणि तो मला भेटला की "सतराचा पाढा म्हण" म्हणायचा. पण मला बेळगावला जायचं होतं. मला गणित सोडून दुसरं काहीच येत नव्हतं, आणि संकेश्वरला गेले तर तेही सतराच्या पाढ्यावर थांबणार हे मला दिसत होतं.

अण्णांची पंचाईत झाली. मुलींनी शिकलं पाहिजे हे त्यांनीच कट्ट्यावर इतक्या वेळा सांगितलेलं की आता माघार घ्यायला तोंड नव्हतं. एकुलत्या एका बहिणीला नाही म्हणायलाही तोंड नव्हतं. मी त्यांनी शिकवलेल्या पद्धतीनंच त्यांच्यापुढं मुद्दे मांडले, एकामागून एक, आणि त्यांना एकही खोडता आला नाही. चार दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. पाचव्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, आप्पा कट्ट्यावर बसलेले असताना, अण्णा घसा साफ करून म्हणाले, "उद्या भैरोबाला कौल लावूया. त्यो सांगंल तसं."

आप्पांचा पानाला चुना लावणारा हात तसाच थांबला. "अण्णा? तुम्ही?"

"माझ्यासाठी न्हाय. माझं मत तुमास्नी ठाऊक हाय. हिच्या आईच्या समाधानासाठी."

आतून कात्रीचा आवाज बंद झाला. "मी कुठं असमाधानी हाय?" आई म्हणाली.

पण ठरलं ते ठरलं. रविवारी सकाळी आईनं अंघोळ करून नवं लुगडं नेसलं. तिच्या तोंडचा रंगच गेला होता. तिच्या दृष्टीनं आपण सल्ला घ्यायला चाललो नव्हतो, हुकूम घ्यायला चाललो होतो. मी मात्र निर्धास्त होते. भैरोबा होय म्हणतो हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण निर्धास्त माणसालाच जास्तीची अक्कल सुचते. गुरवकाका पाकळ्या धुवायला बाहेर गेले, अण्णा खेटरं काढत होते, आई डोळे मिटून उभी होती. मी पुढं झाले आणि समई वीतभर देवाकडं सरकवली. खात्रीचं आणखी खात्रीचं करावं म्हणून. ज्योत जवळजवळ त्याच्या खांद्याला लागली. आता खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मी मनात भैरोबाला म्हणालेसुद्धा, "एवढं कर." आईचं ऐकून ऐकून सवय लागली असेल.

गुरवकाकांनी पाकळ्या लावल्या. "देवा भैरोबा," त्यांनी खड्या आवाजात विचारलं, "अण्णाची लेक सुमन बेळगावला शिकाय जाऊ दे का नगं, ते तू सांग." आम्ही गप्प बसलो. बाहेर कुणाची तरी शिंक. एक माशी आली, देवाच्या डोक्यावर बसली, गेली. उजवी पाकळी हलेना. एरवी इतक्यात पडायची ती. आणि मग डावी पाकळी सुटली, जराशी गिरकी घेऊन खाली आली आणि देवापुढच्या तांदळांवर पडली.

गुरवकाकांनी उजवी पाकळी काढायला हात लावला तर ती निघेना. नखानं खरवडली तर फाटली, बोटाला शेंदूर लागला. "घट्ट धरलीया देवानं," ते हळूच म्हणाले. अण्णांनी मोठा श्वास सोडला. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला पाठीमागून दिसलं, आणि बापाचा इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता आणि नंतरही आला नाही. "झालं," ते म्हणाले. "आता माझ्या हातात काय न्हाय. संकेश्वरला कळवतो."

आई जागची हलली नव्हती. ती दगडाकडं बघत होती. मला वाटलं रडणार. "ऐकलं तुझं," ती भैरोबाला म्हणाली. "आता माझं ऐक. पोरगी बेळगावला जाणार."

"वैनी!" गुरवकाका घाबरले. "कौल मोडू नये."

"विचारलं म्हंजे ऐकायचंच, आसं कुठं ठरलंतं?"

"अगं, देवाचं ऐकायचं न्हाय?" अण्णा म्हणाले.

आई त्यांच्याकडं वळली. "तुमचा तर त्यो न्हाईच की हो. तुम्ही कशाला भ्यालाय?" मग परत देवाकडं वळून, हात जोडून म्हणाली: "राग आला तर माझ्यावर काढ. तिच्या वाटंला जायाचं न्हाय. सांगून ठेवते." आणि माझं मनगट धरून ती बाहेर पडली. घरी येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही. तिचा हात गार पडला होता.

त्या संध्याकाळी सगळी हकिगत ऐकून आप्पांनी अण्णांना फक्त एवढंच विचारलं, "तुमच्या मतानं देव न्हाय. मग त्याचं ऐका म्हणून तुम्ही वैनीला सांगत हुता, ते कसं काय?" अण्णा आक्कांच्या हाकेची वाट बघत राहिले. दिवस अजून बराच वर होता.

मी बेळगावला गेले. अण्णांनीच ट्रंक बसच्या टपावर चढवली आणि "पत्र लिही" एवढं म्हणाले. पुढं त्यांनी आत्याला काय लिहिलं मला माहीत नाही. वसंताचं वर्षभरात लग्न झालं आणि मी त्यात जेवले. होस्टेलवर मुली माझ्या कपड्यांच्या वासाला नाकं मुरडायच्या. तिथं पहिल्याच महिन्यात, मेणबत्तीवर लाखेची कांडी तापवून पार्सलाला मोहोर लावणाऱ्या कारकुनाकडं बघताना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समई इतकी जवळ आणल्यावर खांद्यावरचा तो थरावर थर चढलेला शेंदूर मऊ पडला होता. पाकळी सुकण्याऐवजी त्यात रुतून बसली होती. देवानं घट्ट धरली नव्हती. मी चिकटवली होती. प्रयोगात काही बदलायचं तर आधी एकदा करून बघायचं असतं, हे मी नंतर पस्तीस वर्षं पोरांना ओरडून सांगितलं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा घर वेगळं वाटलं. कात्री वाजत होती, पानं करकरत होती, भाकरी थापल्याचा आवाज येत होता, आणि तरी काहीतरी नव्हतं. दोन दिवसांनी कळलं: आई भैरोबाशी बोलत नव्हती. आमटी खारट झाली तरी गप्प. रविवारी देवळात जायची, उंबऱ्याच्या बाहेरूनच हात जोडायची आणि खाली मान घालून परत यायची. मी विचारलं. "काय बोलायचं गं?" ती म्हणाली. "त्यानं एवढं स्पष्ट सांगितलं आनि मी ऐकलं न्हाय. आता कुठल्या तोंडानं बोलू?"

तेव्हाच सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. पहिल्या वर्षी भीती होती की अण्णा म्हणतील, मग परत कौल लावूया. दुसऱ्या वर्षी ती भीती गेली आणि लाज आली. त्याच वर्षी आईच्या अंगठ्याला नखुरडं झालं, हात सुजला, महिनाभर बिड्या वळता आल्या नाहीत. मी रडकुंडीला येऊन तिच्याजवळ बसले तर ती जवळजवळ खुशीत होती. "बघ," ती म्हणाली, "माझ्यावरच काढला. तुझ्या क्यासालाबी धक्का लावला न्हाय. शबुदाचा पक्का हाय." मी उठून मागच्या परसात गेले. इतकी नीच मी स्वतःला पुन्हा कधी वाटले नाही.

बी. एस्सी.चा निकाल घेऊन घरी आले त्या दुपारी सांगितलं. आई सूप घेऊन बसली होती. समई कशी सरकवली, शेंदूर कसा मऊ झाला, सगळं क्रमानं, पायरी पायरीनं सांगितलं. तिचे हात चालत होते ते हळूहळू थांबले.

"म्हंजे त्यो न्हाय म्हणलाच न्हवता?"

"त्याला काय म्हणायचं होतं ते आपल्याला कळलंच नाही, आई. मीच मध्ये हात घातला."

"तीन वरसं झाली की गं." एवढंच ती म्हणाली. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला, हातपाय धुतले, आणि म्हणाली, "चल."

दुपारची वेळ, देवळात गुरवकाकाही नव्हते. तीन वर्षांत पहिल्यांदा आई उंबरा ओलांडून आत गेली आणि दगडापुढं उभी राहिली. मी तिच्या मागं. माझ्या पिशवीत विज्ञानाची पदवी होती, विषय गणित, वर्ग पहिला. अण्णांना कुणीतरी सांगितलं असावं. ते वखारीतून तसेच आले आणि दारातच थांबले.

"भैरोबा," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. तिनं पदरानं नाक पुसलं. "भैरोबा, चूक आमची हुती रं. पोरीनं समई सरकवलीती. तू न्हाय म्हणालास आसं धरून मी तीन वरसं तुझ्याशी अबोला धरला. तुझ्यावर आळ घेतला." थोडा वेळ ती हुंदके देत राहिली. मग तिनं मान वर केली, आणि मला तिच्या पाठीवरूनच कळलं की आता तिला राग आला आहे. "पर तूबी कसला रं! तीन वरसं दर रविवारी दारात येऊन हुबी ऱ्हायली मी. खाली मान घालून. एकदा तरी सांगायचं न्हाईस व्हय, की अगं बाई, मी कुठं न्हाय म्हणलो? मला सांगायचं न्हाईस तू?"

तिनं हात कमरेवर ठेवले आणि उत्तराची वाट बघत उभी राहिली. दारात अण्णाही हलले नाहीत. मीही थांबले.